कॅम्पर व्हॅनमधलं पाणी: पंप बदलण्याआधी त्याचा आवाज ऐका

कॅम्पर व्हॅनमध्ये नळ उघडला आणि पाणी आलं नाही की पहिला संशय पंपावर जातो. नवा पंप मागवला जातो, बसवला जातो, आणि पुष्कळदा नळ कोरडाच राहतो, कारण दोष पंपात नसून त्याच्या अलीकडे किंवा पलीकडे असतो. म्हणून आधी बिघाड कुठल्या बाजूला आहे ते ठरवा, पार्ट नंतर विकत घ्या. ती बाजू ठरवायला बहुतेक वेळा नीट ऐकणं पुरतं.

आधी रचना समजून घेऊ. स्वच्छ पाण्याची टाकी सीटखाली किंवा गाडीच्या पोटाखाली असते, म्हणजे नळापेक्षा खाली. त्यामुळे दाब आयता मिळत नाही, तो पंपाला तयार करावा लागतो. टाकीपासून पंपापर्यंतचा भाग ओढण्याचा. इथे पंप पाणी खेचत असतो. पंपाच्या पुढचा भाग दाबाचा. पुढे एक फाटा थेट नळाकडे जातो आणि दुसरा हीटरमधून गरम होऊन येतो. सिंक आणि शॉवरचं पाणी खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जमा होतं. एवढ्या तीन भागांत सगळी यंत्रणा आली. घरातल्या नळांशी तुलना केली तर मोठा फरक एकच: गाडी हलते. रस्त्याचे हादरे रोज प्रत्येक जोडाला थोडं थोडं सैल करत असतात.

पंप दोन प्रकारचे असतात. एक टाकीतच बुडवलेला छोटा पंप. तो सुरू व्हायला प्रत्येक नळात एक बारीक स्विच असतो. नळ उघडला की स्विच दाबला जातो आणि पंप फिरतो. दुसरा प्रकार टाकीच्या बाहेर बसवलेल्या डायफ्रॅम पंपाचा. त्यात रबरी पडदा खालीवर होतो आणि छोट्या झडपांमधून पाणी खेचून पुढे ढकलतो. नळ बंद झाला की पाइपातला दाब वाढतो, आणि तो ठरावीक आकड्याला पोचला, अनेक पंपांत सुमारे २.८ बार, की प्रेशर स्विच पंप बंद करतो. नळ उघडताच दाब पडतो आणि पंप पुन्हा चालू होतो. म्हणजे या पंपाला नळ उघडा आहे की बंद हे कळत नाही, त्याला फक्त दाब कळतो. पुढच्या बहुतेक लक्षणांचं कारण या एका गोष्टीत आहे.

पंप चालतो, पाणी येत नाही

पंप एकसारखा, हलक्या आवाजात गुरगुरतो आणि नळातून नुसती हवा फुसफुसते. अशा वेळी टाकीत पाणी असेल तर पंप हवा ओढतोय असं समजा. भोक पडलेल्या स्ट्रॉने काही पिऊन पाहा, नेमकं तेच इथे होत असतं. खरी मेख अशी की ओढण्याच्या बाजूला सैल झालेला जोड सहसा गळत नाही. तिथून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. खाली कुठेच ओल दिसत नाही, आणि म्हणून माणूस पंपालाच दोष देतो.

सर्वांत आधी पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी बघा. ती पारदर्शक वाटीसारखी असते आणि झाकण हाताने फिरवून निघतं. पंपाचा स्विच बंद करा, एखादा नळ उघडून दाब काढून टाका, खाली फडकं धरा आणि मग झाकण काढा. आतल्या जाळीवर काय साचलंय ते निरखून पाहा. नव्या गाडीत टाकीला भोकं पाडताना पडलेला प्लॅस्टिकचा भुसा निघतो, जुन्या गाडीत क्षारांचे पांढरे कण आणि बुळबुळीत चिकटा. जाळी जुन्या टूथब्रशने स्वच्छ होते. पण त्याहून महत्त्वाची आहे झाकणाखालची रबरी रिंग. ती बोटावर घेऊन फिरवा: चपटी झाली असेल, तडा दिसत असेल, तिच्यावर वाळूचा एखादा कण अडकला असेल, तर हवा इथूनच आत जातेय. रिंग पुसून, तिला खाद्यपदार्थांसाठी चालणारं सिलिकॉन ग्रीस अगदी पुसटसं लावून झाकण हातानेच घट्ट करा. पाना लावलात तर वाटी तडकते.

एवढं करूनही पाणी आलं नाही तर बादलीची चाचणी करा. या सगळ्या लेखातली ही सर्वांत उपयोगी गोष्ट आहे असं मला वाटतं. गाळणीसकट पंपाचा टाकीकडचा पाइप काढा, त्या जागी हातभर लांबीचा स्वच्छ पाइप घट्ट बसवा आणि त्याचं टोक पाण्याच्या बादलीत सोडा. नळ उघडून पंप चालू करा. धार नीट आली तर पंप ठणठणीत आहे. दोष टाकी, तिच्यापासून येणारा पाइप आणि गाळणी यांच्या दरम्यान आहे. बादलीतूनही पाणी चढलं नाही तर मात्र पंपाच्या झडपा किंवा पडदा गेला असं खुशाल म्हणा. पाच मिनिटांचं काम आहे आणि पंपाचा खर्च वाचवू शकतं.

टाकीत बुडवलेल्या पंपाचं थोडं वेगळं असतं. टाकी पूर्ण रिकामी होऊन पुन्हा भरली की त्याच्या पोटात हवेचा बुडबुडा अडकून राहतो, आणि तो स्वतःहून बाहेर पडत नाही. पंप पाण्याखालीच धरून हलवला, तिरका केला की बुडबुडा निघून जातो. हा पंप कोरडा चालवू नये, लवकर जळतो. डायफ्रॅम पंप थोडा वेळ कोरडा चालला तर सहन करतो.

धार सुरुवातीला चांगली आणि मग हळूहळू मरत गेली, तर टाकीच्या हवेच्या नळीकडे बघा. टाकीतून पाणी बाहेर जातं तेवढी हवा आत यावी लागते. नळी चिखलाने किंवा किड्याच्या घरट्याने बुजली असेल तर टाकीत पोकळी तयार होते, पंप कण्हायला लागतो, पातळ टाकीच्या भिंती आत खेचल्या जातात. भरण्याचं झाकण उघडताच हवा सुर्रकन आत गेली, की निदान झालं. टाकी भरताना पाणी उलटं उसळून तोंडातून बाहेर येत असेल तर त्याचंही कारण बहुधा हेच.

पंप बोलतच नाही

पूर्ण शांतता असेल तर काम विजेचं आहे. बुडवलेल्या पंपाच्या गाडीत आधी दुसरा नळ उघडून बघा. तिथे पंप चालला तर पहिल्या नळातला बारीक स्विच गेलाय. कुठल्याच नळावर चालत नसेल तर फ्यूज. गेलेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज कधीही घालू नका. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो. तो मोठा केला तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी तार तापेल, आणि गाडीतल्या लाकडामागे तापलेली तार म्हणजे आगीला निमंत्रण.

फ्यूज शाबूत असेल तर मल्टिमीटर घ्या आणि पंपाच्या दोन तारांवर व्होल्टेज मोजा, पण पंपाला चालू होण्याचा हुकूम दिलेला असताना. ही अट महत्त्वाची आहे. गंजलेला जोड काहीही भार नसताना पूर्ण १२.६ व्होल्ट दाखवतो आणि भार येताच कोसळतो. हिशोब करून पाहा: पंप ६ अँपिअर ओढतो आणि एखाद्या कळकट जोडात ०.३ ओहमचा अडथळा आहे. ६ गुणिले ०.३ म्हणजे १.८ व्होल्ट तिथेच गेले, पंपाला मिळाले १०.८. पंप मरगळल्यासारखा फिरणार आणि सगळ्याच नळांची धार बारीक होणार. शिवाय त्या जोडात सुमारे ११ वॅट उष्णता तयार होते, म्हणजे पंप मिनिटभर चालल्यावर हात लावला तर तो जोड गरम लागतो. बॅटरीवरचं आणि पंपावरचं व्होल्टेज यांत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर तारा, जोड आणि विशेषतः निगेटिव्ह तार जिथे गाडीच्या पत्र्याला जोडलीय ती जागा घासून साफ करा.

व्होल्टेज पूर्ण पोचतंय आणि पंप तरीही गप्प, तेव्हा प्रेशर स्विच किंवा मोटर. काही पंपांचा प्रेशर स्विच सुटा मिळतो. मोटर चांगली असताना अख्खा पंप टाकून देऊ नका.

नळ बंद, तरी मध्येच पंप गुरगुरतो

रात्री सगळं शांत असताना पंप सेकंदभर चालतो, थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा चालतो. मला हे लक्षण सर्वांत गंभीर वाटतं. पाणी कुठूनतरी निसटतंय, दाब पडतोय आणि पंप तो भरून काढतोय. ते पाणी तुमच्या फरशीखाली, फोममध्ये आणि लाकडात मुरत असू शकतं. वास यायला लागेपर्यंत बराच भाग कुजलेला असतो. म्हणून शोध लागेपर्यंत झोपताना आणि गाडीबाहेर जाताना पंपाचा मुख्य स्विच बंद ठेवा. ही सवय बिघाड नसतानाही चांगली.

शोधायची पद्धत सोपी आहे. प्रत्येक जोडाभोवती कोरडा टिश्यू पेपर गुंडाळा. ओलीचा एक थेंबही कागदावर लगेच डाग पाडतो, डोळ्यांना नुसत्या पाइपावर तो दिसला नसता. हीटरचे जोड, नळाच्या खालचे जोड आणि टॉयलेटच्या फ्लशची झडप आधी बघा. गाडीबाहेर जाऊन हीटरच्या सेफ्टी व्हॉल्व्हची नळी थेंब थेंब गळतेय का तेही पाहा.

सगळे कागद कोरडे राहिले तर गळती पंपाच्या आतच आहे: त्यातली एकेरी झडप पाणी उलटं टाकीत जाऊ देते. खात्री करायला पंप दाब भरून बंद करा आणि टाकीकडचा पाइप काढा. पंपाच्या तोंडातून पाणी टपकत राहिलं तर झडप धरत नाही. अनेकदा कारण वाळूच्या एका कणाइतकं लहान असतं. पंपाचं डोकं उघडून झडपा धुतल्या की काम होतं. गाळणीशिवाय पंप चालवणाऱ्यांना हा त्रास हमखास.

जोड सापडला तर नुसता आवळू नका, का सुटला ते बघा. दाबून बसणाऱ्या जोडात पाइप काटकोनात, गुळगुळीत कापलेला असावा लागतो. तिरका कापला तर आतली रिंग एका बाजूनेच धरते. मऊ पाइपाची क्लिप जास्त आवळली तर ती पाइप कापते. टेफ्लॉन टेप आट्यांवर पाणी अडवायचं असेल तिथे लावा. जिथे रबरी वॉशर आहे तिथे टेपची गरज नसते, उलट वॉशर नीट बसत नाही. आणि ज्या पाइपाला हादऱ्यांनी ओढ बसतेय त्याला जवळच भिंतीला क्लॅम्प द्या, नाहीतर तोच जोड पुन्हा सुटेल.

हीटरबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी तापताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून थोडं गळणं हा दरवेळी बिघाड नसतो. १० अंशांचं पाणी ६० अंशांवर नेलं की ते दीड ते पावणेदोन टक्के फुगतं. १० लिटरच्या हीटरमध्ये हे साधारण १७० मिलिलिटर जास्तीचं पाणी झालं. पंपाची झडप त्याला मागे जाऊ देत नाही, मग दाब चढतो आणि सेफ्टी व्हॉल्व्ह तेवढं पाणी बाहेर सोडतो. हीटर थंड असतानाही टपकत असेल तर मात्र व्हॉल्व्हमध्ये कचरा किंवा क्षार अडकलेत.

या फुगलेल्या पाण्याला जागा देणारी आणि पंपाचं थरथरणं थांबवणारी वस्तू एकच: ॲक्युम्युलेटर, म्हणजे आत रबरी पडदा आणि एका बाजूला दाबाखालची हवा असलेलं छोटं भांडं. नळ अर्धवट उघडला की पंप टक्-टक् करत चालू-बंद होतो, कारण तो नळापेक्षा जास्त पाणी देतो आणि दाब सारखा वर जाऊन खाली येतो. यात पंपाचा दोष नाही. भांडं बसवलं की धार संथ होते. असलेलं भांडं अचानक निकामी वाटलं तर त्यातली हवा गेलीय. पंप बंद, नळ उघडे ठेवून टायरच्या गेजने हवा मोजा आणि पंप ज्या दाबाला पुन्हा चालू होतो त्याच्या किंचित खाली ठेवा.

एकाच नळाची धार बारीक झाली असेल तर फार खोलात शिरू नका. नळाच्या तोंडाची जाळी काढून क्षार साफ करा. गरम पाणी कोमट येत असेल तर हीटरच्या बायपासचा कॉक उघडा राहिलाय का पाहा. हिवाळ्यानंतर तो विसरला जातो आणि थंड पाणी हीटरला वळसा घालून गरम पाण्यात मिसळत राहतं.

पाण्याला वास किंवा चव येते

टाकीत आणि पाइपात दिवसेंदिवस पडून राहिलेल्या पाण्यात जंतूंचा बुळबुळीत थर तयार होतो. तो भिंतीला चिकटलेला असतो, त्यामुळे नुसतं पाणी बदलून जात नाही. आधी हात किंवा मऊ ब्रश पोचेल तिथे टाकी घासून घ्या. क्षार साचले असतील तर सायट्रिक ॲसिडच्या पाण्याने ते सोडवा आणि सगळं भरपूर पाण्याने धुऊन काढा. मगच क्लोरीन. हा क्रम पाळाच, कारण ॲसिड आणि ब्लीच एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू निघतो, आणि गाडीसारख्या बंद जागेत तो जीवघेणा ठरू शकतो.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे. ५ टक्के क्लोरीनचं, सुगंध नसलेलं साधं ब्लीच दर लिटर पाण्याला १ मिलिलिटर. १०० लिटरच्या टाकीला १०० मिलिलिटर. यातून लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन मिळतं. ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळून मग टाकीत ओता, टाकी भरा, आणि फिल्टरचं कार्ट्रिज काढून ठेवा. नंतर एकेक नळ, गरम आणि थंड दोन्ही, क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडा. शॉवर विसरू नका. किमान चार तास तसंच ठेवा, मग रिकामं करून वास जाईपर्यंत पुन्हा पुन्हा स्वच्छ पाण्याने धुवा. हीटरमधून हे पाणी न्यावं की नाही ते त्याच्या माहितीपुस्तिकेत बघा. काही धातूंना क्लोरीन जास्त वेळ चालत नाही. चांदीच्या आयनांची औषधं मिळतात, ती आधीच स्वच्छ असलेलं पाणी टिकवायला ठीक आहेत. घाण टाकी त्यांनी साफ होत नाही.

फक्त गरम पाण्याला सडक्या अंड्याचा वास येत असेल तर तो हायड्रोजन सल्फाइडचा. स्टीलच्या काही हीटरमध्ये टाकी गंजू नये म्हणून मॅग्नेशियमचा रॉड असतो, आणि साचलेल्या पाण्यातले काही जिवाणू त्याच्या सान्निध्यात हा वायू तयार करतात. हीटर निर्जंतुक करा, रॉड झिजला असेल तर बदला. रॉड कायमचा काढून टाकू नका, मग गंज टाकीलाच खातो. तो खोलण्याआधी हीटर बंद, पाणी पूर्ण थंड आणि दाब काढलेला हवा.

शॉवरबद्दल थोडं गांभीर्याने. लीजिओनेला नावाचे जिवाणू २० ते ४५ अंशांच्या साचलेल्या पाण्यात वाढतात आणि फवाऱ्याच्या बारीक तुषारांबरोबर श्वासातून फुप्फुसात जातात. गाडी काही आठवडे उभी होती तर आधी पाणी बदला, हीटर ६० अंशांच्या वर नेऊन ते गरम पाणी सगळ्या नळांतून सोडा, शॉवरचं तोंड बादलीत बुडवून तुषार न उडवता. खिडक्या उघड्या ठेवा. वयस्कर माणसं किंवा फुप्फुसाचा आजार असलेलं कोणी सोबत असेल तर यात टाळाटाळ करू नये.

कार्बन फिल्टर पाण्याची चव सुधारतो, जंतू मारत नाही. उलट क्लोरीन काढून टाकल्यामुळे त्याच्या पुढचं पाणी असुरक्षित होतं, आणि ओलं कार्ट्रिज महिनोन्‌महिने तसंच राहिलं तर त्यातच जंतू वाढतात. चव बरी लागते म्हणून मुदत ओलांडू नका.

सिंकमधून येणारा वास बहुतेक वेळा खालच्या टाकीचा असतो. सायफनमधलं, म्हणजे सिंकखालच्या वळणदार नळीत वास अडवून धरणारं पाणी सुकलं किंवा वळणावर गाडी हेलकावून सांडलं की वास वर येतो. पेलाभर पाणी ओतलं की थांबतो. भांड्यांचं तेल आणि खरकटं पुसून काढूनच धुवा, टाकी वेळच्या वेळी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करा. तिथली नळी पिण्याच्या पाण्यासाठी वापरू नका. दोन नळ्या दोन वेगळ्या कप्प्यांत ठेवा. पाण्याची पातळी दाखवणारा काटा खोटं बोलतो तेव्हा सेन्सरच्या कांड्यांवर क्षार किंवा चिकटा बसलेला असतो, तो पुसला की पुरतं.

गोठण्याआधी

पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं. पाइप थोडा ताण सोसतो. पंपाचं डोकं, फिल्टरची वाटी, मिक्सर नळाचं आतलं कार्ट्रिज आणि हीटर सोसत नाहीत. म्हणून थंडीत गाडी उभी करताना दोन्ही टाक्या आणि हीटर रिकामे करा, सगळे नळ उघडून त्यांची दांडी मधोमध ठेवा म्हणजे गरम-थंड दोन्ही वाटा मोकळ्या होतात, शॉवर खाली ठेवा, आणि पंप काही सेकंद चालवून त्यातलं उरलेलं पाणी बाहेर काढा. गाळणीची वाटीही उघडून रिकामी करा, ती हमखास राहून जाते. गोठणरोधक द्रव वापरायचा असेल तर पिण्याच्या पाण्याच्या यंत्रणेसाठी बनवलेला प्रोपिलीन ग्लायकॉलचाच; इंजिनमधला एथिलीन ग्लायकॉल विषारी असतो.

काही हीटरला थंडीत आपोआप उघडणारी झडप असते. आजूबाजूचं तापमान ३ अंशांच्या आसपास आलं की ती हीटरमधलं सगळं पाणी खाली सोडते, आणि साधारण ७ अंशांच्या वर गेल्याशिवाय बंद राहत नाही. सकाळी गाडीखाली थारोळं दिसलं आणि पंप अखंड चालत असेल, तर पाइप फुटला असं लगेच समजू नका. पंप बंद करा, गाडीतलं हीटिंग लावा, झडप बसवलेला कप्पा उघडून तिथपर्यंत ऊब पोचू द्या आणि मग झडप बंद करून टाकी पुन्हा भरा.